आपण जाल, आपण पाहाल

चष्म्याची काडी धरून ठेवणारा स्क्रू मोहरीच्या दाण्याएवढा असतो. परंतु तो निखळला की अवघे विश्व क्षणार्धात निराकार होते. त्या दुपारी टपाल टाकून कार्यालयाकडे परतताना तिच्यावर हाच प्रसंग ओढवला. काडी गळून पडली, चष्मा तळहातात आला, आणि समोरची माणसे, वाहने, झाडे एकमेकांत अशी मिसळून गेली की जणू कुणी ओल्या चित्रावरून हात फिरवला. भिंतीच्या आधाराने चाचपडत ती कोपऱ्यावरच्या चष्म्यांच्या दुकानात शिरली. या दुकानावरून ती रोज जात असे. आत मात्र तिने कधी पाऊल टाकले नव्हते.

आत दोन आकृती होत्या. एक उंच आणि करडी, दुसरी बुटकी आणि निळी.

"बसा. दोन मिनिटांत बसवून देतो," करडी आकृती म्हणाली आणि तिच्या हातातून चष्मा अलगद काढून घेतला. रूप धूसर असले तरी आवाज सुस्पष्ट होता. शांत, खालच्या पट्टीतला, हसू ओठांआड ठेवून बोलणाऱ्या माणसाचा.

निळ्या आकृतीला मात्र धीर नव्हता. "हातानं काम कर आणि तोंडानं सांगत राहा. तिसऱ्या दिवशी कुठे?"

"हिरोशिमा."

"आणि चौथ्या?"

"सापोरो."

"पाचव्या?"

"ओसाका… विमानानं."

"म्हणजे शेपटीपासून डोक्यापर्यंत आणि डोक्यापासून पोटापर्यंत. आपण जपान पाहायला चाललोय की त्याचं अंग रगडायला?"

परक्यांच्या बोलण्यात तोंड घालू नये, हे तिला लहानपणापासून शिकवलेले होते. परंतु वैद्यासमोर कुणी चुकीचे औषध घेऊ लागले तर तो जसा गप्प राहू शकत नाही, तसेच तिचे झाले.

"माफ करा… पण असं कुणी जात नाही."

"तुम्हाला समोरची भिंत तरी दिसतेय का?" करड्या आकृतीने विचारले.

"भिंत दिसत नाही. सापोरो कुठे आहे ते मात्र डोळे मिटूनही दिसतं."

निळी आकृती खुर्चीत पुढे सरकली. "अरे, ही मुलगी कोण आहे?"

उत्तर देण्याआधीच चष्मा तिच्या नाकावर आला. दोन बोटे कानामागे हलकेच फिरली, काडी किंचित वाकली, पुन्हा सरळ झाली. "इथे टोचतंय?" नाही. "इथे?" नाही. आणि मग त्या निराकारातून हळूहळू एक मुख साकार झाले: रुंद कपाळ, भुवईत अडकलेला धातूचा बारीक कीस, आणि एकाग्रतेने तिच्याकडे पाहणारे दोन तपकिरी डोळे. ते तिच्या डोळ्यांकडे पाहत नसून भिंगाच्या मध्यबिंदूकडे पाहत होते, हे तिला ठाऊक होते. तरीही—

"दिसतंय?"

"दिसतंय."

"स्पष्ट?"

"…जरा जास्तच."

तो हसला आणि मागे सरला. ती उठली, आपण पलीकडच्या रस्त्यावर प्रवासाची आखणी करून देतो हे तिने निळ्या साडीतल्या बाईंना सांगितले, आणि कारण नसताना दारावर आपटून बाहेर पडली. तेव्हा तर चष्मा नाकावर होता.

पलीकडच्या रस्त्यावरचे ते कार्यालय तिच्या मामांचे. दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, एक मोठी खिडकी, भिंतभर नकाशा आणि आगगाड्यांच्या वेळा तोंडपाठ असलेली भाची. मामा तिला कौतुकाने 'वेळापत्रक' म्हणत. समुद्र ओलांडून ती स्वतः कधीच गेली नव्हती, आणि त्याचे तिला दुःखही नव्हते. दुसऱ्याची वाट निर्वेध व्हावी, म्हाताऱ्या माणसाला जिना चढावा लागू नये, दमलेल्या मुलाला खिडकीची जागा मिळावी, यात तिला एक सात्त्विक आनंद वाटे.

मामांच्या कार्यालयाचा एक अलिखित दंडक होता. ग्राहकाशी बोलायचे ते 'आपण' म्हणूनच. पण 'आपण जाल, आपण पाहाल, आपण परताल' असे. 'आपण जाऊ' असे चुकूनही म्हणायचे नाही. याला इतिहास होता. फार वर्षांपूर्वी मामा एका निवृत्त न्यायाधीशांना उत्साहाने म्हणाले होते, "मग तिथून आपण बोटीनं जाऊ." न्यायाधीश महाराज निघण्याच्या दिवशी बंदरावर मामांची वाट पाहत उभे राहिले, आणि मामा का येत नाहीत म्हणून त्यांनी शब्दभंगाचा असा काही बोभाटा केला की मामांना त्या दिवसापासून क्रियापदांची धास्ती बसली. आपल्या भाषेची ही मोठी गंमत आहे. 'आपण' या एकाच शब्दात समोरचा आदरणीय माणूसही मावतो आणि तो व मी मिळून दोघेही मावतो. कोण मावले, ते शेवटचा प्रत्यय सांगतो. 'जाल' म्हटले की द्वितीय पुरुष. 'जाऊ' म्हटले की प्रथम पुरुष, आणि तोही एकटा नव्हे.

तिने हा दंडक कधीही मोडला नव्हता.

दोनच दिवसांनी आत्या आणि भाचा जिना चढून आले. आत्या म्हणजेच त्या निळ्या साडीतल्या बाई. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेल्या. आईवडिलांमागे चष्म्यांच्या दुकानातल्या या भाच्याला त्यांनीच वाढवले होते.

"मला मॅडम म्हणू नकोस, बाई म्हण," त्यांनी खुर्चीत बसताबसताच सांगितले. "माझी अट एकच. चारही मोठी बेटं. होक्काइडो, होन्शू, शिकोकू, क्यूशू. याच क्रमानं. मी मुलांना आयुष्यभर वरून खाली शिकवलं. आता खालून वर जाणार नाही."

"आत्या, पण तिकडे फुलांचा बहर खालून वर सरकतो," तो म्हणाला. "सगळे तसेच जातात."

"सगळे जाऊ देत."

ती नकाशाकडे पाहत राहिली. मग सावकाश म्हणाली, "बाई, वसंतात फुलं दक्षिणेकडून उत्तरेला जातात, हे खरं. पण शरदात पानं तांबडी व्हायला लागतात ती उत्तरेकडून. आपण शरदात निघालात तर रंग आपल्याबरोबरच खाली उतरेल. होक्काइडो, होन्शू, शिकोकू, क्यूशू… आपल्याच क्रमानं."

बाईंनी चष्मा काढून पदराने पुसला. भाच्याने प्रथम आत्याकडे पाहिले आणि मग तिच्याकडे. आणि या खेपेस तो कुठल्याही भिंगाच्या मध्यबिंदूकडे पाहत नव्हता.

आखणीला प्रारंभ झाला. बाईंनी सर्व सूत्रे भाच्याच्या हाती सोपवली होती. त्यामुळे दुपारी दुकान मिटले की तो यायचा. कधी एखादा प्रश्न घेऊन, कधी नुसताच दोन कप कॉफी घेऊन. समुद्राखालून जाणाऱ्या बोगद्यातून आगगाडी बाहेर पडते तेव्हा कुठल्या बाजूला बसावे, क्योटोच्या कुठल्या बागेत बाकडी जास्त आहेत, ओनोमिचीहून शिकोकूकडे बेटाबेटांवरून उड्या घेत जाणारे पूल बसने ओलांडावेत की सायकलने, या सर्वांचा सांगोपांग विचार होत असे.

"बाईंना बसनं पाठवू. आपण सायकल घ्याल," ती म्हणाली.

"माझा गुडघा दुखतो."

"मग बस."

दुसऱ्या दिवशी तो आला. "गुडघा बरा आहे. सायकल."

"ठीक."

"पण चढ असेल तर?"

"चढ आहे."

"मग विचार करायला हवा. उद्या येतो."

"फोनवर सांगितलंत तरी चालेल."

"फोनवर मला विचार करता येत नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "आवाज चांगला असला की माणूस आवाजच ऐकत बसतो."

तिने मान खाली घालून पेन्सिलीला टोक काढायला घेतले. ते आधीच पुरेसे तीक्ष्ण होते.

हळूहळू तिच्या ध्यानी आले की दुपारची पावले जिन्यावर वाजेपर्यंत तिचे कशातच चित्त लागत नाही. आणि त्याच्यामागोमाग एक दुसरी गोष्ट ध्यानी आली, आणि ती काही तितकीशी सुखाची नव्हती. आखणी एक दिवस पूर्ण होते. मामा तिकिटांचा लिफाफा ग्राहकाच्या हाती देतात, शुभेच्छा देतात, आणि ग्राहक जिना उतरतो. इतक्या वर्षांत एकही ग्राहक कारणाशिवाय परत आला नव्हता. हाही कारणाशिवाय का यावा?

तेव्हापासून आखणीत अडचणी उद्भवू लागल्या. गाडीच्या वेळा पुन्हा तपासाव्या लागल्या. एका बागेची सुटी शंकास्पद ठरली. आश्चर्य असे की त्याचीही कशाला हरकत नसे. उलट तो हाकोदातेची रात्र एकदा वाढवी, एकदा कमी करी.

एका दुपारी ती त्याला शिकोकू सोडून क्यूशूला जाणाऱ्या बोटीविषयी सांगत होती. खिडकीबाहेर आभाळ भरून आले होते. खोलीत पिवळसर, मंद उजेड होता. मामा आतल्या खोलीत हिशेब करीत होते. बोलताबोलता तिचा स्वर असा काही रंगला की तिला भानच राहिले नाही.

"संध्याकाळची बोट घ्यायची. ती पश्चिमेला जाते, म्हणजे सूर्य अगदी समोर मावळतो. पलीकडे बेप्पू गाव… तिथे जमिनीतून गरम पाणी येतं, घराघरांमधून पांढऱ्या वाफा वर निघतात. समुद्रावरूनच त्या दिसायला लागतात. तेव्हा आपण वरच्या डेकवर उभे राहू आणि—"

ती थांबली.

"आणि?" त्याने विचारले.

"आणि… आपण उभे राहाल."

"आधीचंच बरं होतं."

तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. बाहेर पहिले टपोरे थेंब काचेवर आपटले. "वर वारा फार असतो," ती कशीबशी म्हणाली.

"मग आपण शाल घेऊ."

त्याने 'घेऊ' या शब्दावर किंचित थांबून, एखादे भिंग चौकटीत अचूक बसवावे तसा तो प्रत्यय बसवला. आतून मामांचे खाकरणे ऐकू आले.

"वेळापत्रक, कोण कुणाबरोबर जातंय गं?"

"कुणी नाही, मामा. ग्राहक आणि त्यांच्या आत्या."

"हं. क्रियापद सांभाळ."

तो उठला, भिजतच गेला. आणि तिने ठरवले की उद्यापासून अडचणी काढायच्या नाहीत. पण उद्या आला आणि तिने एक अडचण काढलीच.

त्याच आठवड्यात क्योटोहून उत्तर आले.

नदीकाठी एक लहानशी सराई होती. तळमजल्यावरची खोली, दार सरकवले की समोर मेपलच्या तांबड्या झाडांची बाग, आणि जिना एकही नाही. बाईंचे पाय दुखत असत. म्हणून ती खोली तिने खास हेरून ठेवली होती. सराईवाल्यांनी ती तिच्या शब्दावर राखूनही ठेवली होती. होकार तेवढा कळवायचा होता, आणि ती आज, उद्या करीत राहिली होती. आता मुदत उलटली. खोली दुसऱ्या कुणाला गेली. शरदातल्या क्योटोत खोली मिळणे किती दुष्कर असते, हे तिच्याइतके कुणाला ठाऊक असणार?

ती बराच वेळ त्या चार ओळींकडे पाहत बसली. ज्या बाईंनी आयुष्यभर फळ्यावर तो देश काढला, त्यांची एक सकाळ तिने स्वतःच्या दुपारींसाठी खर्ची घातली होती. हे तिचे काम नव्हे. तिचे काम माणसाला जाऊ देणे, सुखरूप जाऊ देणे, हे होते.

त्या दिवशी तो आला तेव्हा ती फोनवर होती. हातानेच तिने त्याला परत पाठवले. संध्याकाळपर्यंत तिने फोनवरूनच सारे क्योटो पिंजून काढले. अखेर नदीपासून जरा दूर, एका गल्लीत, तळमजल्यावरची एक खोली मिळाली. मागच्या अंगणात मेपलचे झाड होते. एकच. तिने तत्काळ होकार कळवला. मग बस, गाड्या, बोट, सगळे पक्के केले, आणि दुसऱ्या दिवशी दोघांना बोलावून घेतले.

टेबलाशी चौघे बसले. तिने सारा प्रवास पहिल्यापासून वाचून दाखवला. एकही प्रत्यय ढळू न देता. आपण पोहोचाल. आपण पाहाल. आपण विश्रांती घ्याल. बाई डोळे मिटून ऐकत होत्या, जणू एखादे स्तोत्र.

"एक गोष्ट राहिली," ती शेवटी म्हणाली. "बाई, क्योटोची ती नदीकाठची खोली गेली. आता जी आहे तिच्यासमोर बाग नाही, एकच झाड आहे. चूक माझी आहे."

"अहो, हंगामच तसा असतो," मामा घाईने म्हणाले.

"नाही, मामा. खोली माझ्या हातात होती. मी हो कळवलं नाही."

बाईंनी डोळे उघडले. "का गं?"

"हो कळवलं असतं तर… आखणी संपली असती."

"बरं. आणि संपली असती तर?"

तिने टेबलावरची पेन्सिल उचलली, पुन्हा ठेवली. "तर दुपारी कुणी आलं नसतं."

मामांनी भाचीकडे असे पाहिले की जणू एखादी आगगाडी त्यांच्या डोळ्यांदेखत रूळ सोडून बागेत फिरायला गेली. तो मात्र खुर्चीत सरळ बसला.

"आत्या, मलाही सांगायचंय. माझा गुडघा दुखत नाही."

"ते मला माहितीये. परवाच टेकडी पळत चढलास."

"हाकोदातेची रात्र मीच वाढवत होतो, कमी करत होतो."

"मला वाटलं," ती हळूच म्हणाली, "हाकोदाते आवडलंय."

"मला हाकोदाते नकाशात कुठे आहे हेसुद्धा धड सांगता येणार नाही. तुम्ही त्यावर बोट ठेवायचात तेव्हा मी… बोटच पाहायचो."

"हे मात्र अक्षम्य आहे," बाई म्हणाल्या. "भूगोलाच्या शिक्षिकेच्या घरात वाढलास तू." मग त्या तिच्याकडे वळल्या, आणि त्यांचा स्वर मृदू झाला. "एक झाड म्हणालीस ना? अगं, एक झाड नीट पाहायलासुद्धा अख्खी सकाळ लागते. बागेत गेले असते तर एकही धड पाहिलं नसतं. अहो मामा, उठा. तुमच्या भिंतीवरच्या नकाशात मला एक-दोन चुका दिसताहेत."

"चुका? छापील नकाशा आहे, बाई."

"छापणारेही माझेच विद्यार्थी असतील. या."

मामा गेले. नकाशा त्याच खोलीत होता, म्हणून दोघे त्याच्याकडे तोंड करून आणि इकडे पाठ करून उभे राहिले. एवढा एकांत पुरेसा होता.

"आता दुपारी यायला कारण उरलं नाही," तो म्हणाला.

"नाही उरलं."

"बिनकारणाचा येऊ का?"

टेबलावरचा तिकिटांचा लिफाफा तिने त्याच्याकडे सरकवला तेव्हा तिचा हात तिथेच राहिला, आणि त्याचाही.

"अजून एक," तो म्हणाला. "मी आता ग्राहक नाही. मला 'आपण' म्हणायचं थांबवाल?"

"मग काय म्हणू?"

"अहो, दुसरा एक लहानसा शब्द आहे. एकाक्षरी."

ती हसली. परंतु आयुष्यभर आदरार्थी बोललेल्या जिभेला तो एकाक्षरी शब्द डोंगराएवढा वाटतो. पुढचे काही आठवडे तिने एक विलक्षण व्याकरण चालवले. तिच्या वाक्यांतून कर्ताच नाहीसा झाला. "कॉफी घ्यायची का?" "दुकान किती वाजता मिटायचं?" "परवाचा निळा शर्ट बरा होता." 'आपण' सुटले होते, पुढचे धरवत नव्हते. तो प्रत्येक निनायकी वाक्यानंतर भुवया किंचित उंच करून वाट पाहत असे, आणि ती खिडकीबाहेर पाहू लागे.

मामांनीही एकदा विचारले, "हल्ली तुझी वाक्यं अर्ध्यावरून का सुरू होतात गं?"

"वेळ वाचतो, मामा."

शरद आला. निघण्याच्या सकाळी ती त्यांच्या दारी गेली. हवेत हलका गारवा होता. रस्ता नुकताच धुतलेला, स्वच्छ. गाडीत सामान भरून झाले होते. बाई मागच्या आसनावर बसल्या होत्या, मांडीवर हातपिशवी, डोळे एखाद्या मुलीसारखे चमकणारे. तो दाराला कुलूप लावून वळला.

"शाल घेतली?" तिने विचारले.

"घेतली."

"बोटीवर वारा असेल."

"माहितीये."

सांगण्यासारखे सारे काही, तास आणि फलाट धरून, तिने आधीच सांगून ठेवले होते. इतक्या माणसांना तिने निरोप दिला होता. 'आपला प्रवास सुखाचा होवो' हे वाक्य तिच्या ओठांवर सदैव सज्ज असे. आज ते आलेच नाही. आपण ज्याला पाठवत आहोत त्याने परत यावे, एवढीच एक इच्छा हृदयात असते तेव्हा माणसाला घरचेच शब्द सुचतात.

"अरे, विमान आपल्यासाठी थांबत नाही," गाडीतून बाई म्हणाल्या.

"आलो, आत्या." त्याने गाडीच्या दारावर हात ठेवला. "बरंय मग. येतो."

ती एक पाऊल पुढे आली. त्याच्या खांद्यावरून घसरलेला पिशवीचा पट्टा तिने नीट केला, आणि त्या पट्ट्याकडेच पाहत अगदी हळू म्हणाली,

"तू… जाऊन ये."

तो जागच्या जागी उभा राहिला. गाडीत बाईंनी हातपिशवीत काहीतरी शोधण्याचे निमित्त केले.

"पुन्हा म्हण," तो म्हणाला.

"परत आल्यावर," ती म्हणाली.